मंत्री नावाचा गुडघा

माझी नणंद नझीमा म्हणते, पॉडकास्ट म्हणजे एका रिकामटेकड्याने बोलायचं आणि हजार रिकामटेकड्यांनी ऐकायचं. हे ती माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझाच चहा पीत म्हणते. तिचं घर लेकीसुनांनी, नातवंडांनी भरलेलं आहे, पण तिचं बोलणं ऐकायला तिथे कुणाला वेळ नाही. म्हणून दुपारी दोन गल्ल्या ओलांडून ती माझ्याकडे येते आणि तासभर एकटीच बोलते. मी ऐकते. मग यात आणि पॉडकास्टमध्ये फरक काय, असं एकदा मी विचारलं, तर बाईसाहेब आठवडाभर फिरकल्या नाहीत. तो आठवडा मला फार जड गेला. तेव्हापासून मी असलं काही विचारत नाही.

आमच्या करादा मोहल्ल्यात मला सगळे उम्म गायब म्हणतात. बगदादमध्ये मूल नसलेल्या बाईलाही कुणाची तरी आई म्हणायची रीत आहे. जो आलाच नाही, त्या गायब लेकराची आई. लोक मायेनेच म्हणतात, भाजीवाला म्हणतो, मशिदीत बांग देणारा म्हणतो, आणि मीही इतकी वर्षं त्याला 'ओ' देत आले. नोकरीत असताना मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये असा नियम होता आणि आम्ही सगळ्याजणी ऐकायचो. तेव्हा कानाला लागलेली चटक पेन्शनबरोबर सुटत नाही.

'इस्तिकानभर गप्पा' हा पॉडकास्ट मला नझीमाच्या नातीने फोनमध्ये घालून दिला. दर गुरुवारी संध्याकाळी एक इस्तिकान, म्हणजे आपला छोटा चहाचा पेला, संपेपर्यंत रफल नावाची मुलगी बोलायची. ना पाहुणे, ना गाणी. ती आणि तिचा आवाज. तो आवाज जरा बसलेला होता, सर्दीतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा असतो तसा. आणि बोलायची कशावर? तर आपल्या आईवर.

ती आई मला जी आवडली म्हणून सांगू! आईचा उजवा गुडघा दुखायचा आणि त्या गुडघ्याला तिने 'मंत्री' असं नाव ठेवलं होतं. कारण काय, तर मनात आलं तर काम करतो, नाही आलं तर नाही, आणि खर्च मात्र रोजचा. आई म्हणे जिन्यावर थांबून सगळ्यांदेखत ओरडायची, "थांबा गं, मंत्रीसाहेब सुट्टीवर गेलेत!" एकदा तिने गल्लीला वीज विकणाऱ्या जनरेटरवाल्याला घरात बोलावून पोटभर जेवू घातलं, आणि त्याच्या तोंडात घास असताना, म्हणजे त्याला उत्तर देता येणार नाही अशी वेळ साधून, विजेबद्दल त्याची खरडपट्टी काढली. एकदा शेजारच्या कोंबड्यावर दावा लावायला निघाली होती. मी ओट्यापाशी वांगी कोरताना हे ऐकायची आणि एकटी खदखदून हसायची. हसून झालं की घर एकदम गप्प व्हायचं. ते मात्र मला कधीच सोसलं नाही. मग मी तोच भाग पुन्हा लावायची.

शेवटी रफल पत्रं पाठवणाऱ्यांची नावं घ्यायची. "मोसुलची दुनिया, सलाम. बसऱ्याचे अबू सैफ, तुमचा विनोद आईला सांगितला, ती तुम्हाला शोधत येणार आहे." मीही लिहायची. दर आठवड्याला लिहायची. आईचा गुडघा कसा आहे, कोमट तिळाचं तेल लावून बघा, हळद लावून फडकं बांधा, थंडीत जिना टाळा. खाली सही, 'उम्म गायब, करादा'. माझं नाव एकदाही आलं नाही.

आता खरं सांगायचं तर माझी एवढीच एक इच्छा उरली होती. हज झाली होती, घर डोक्यावर होतं, नवरा पुरून झाला होता. त्या आवाजाने एकदा माझं नाव घ्यावं. म्हणजे मी इथे ओट्यापाशी आहे हे कुठेतरी पोचलंय, असं मला कळलं असतं. गुरुवारी नावं सुरू झाली की मी नळ बंद करायची, हात पुसायची आणि उभी राहायची. नझीमाने एकदा मला तशी पाहिली.

"काय गं वहिनी, निकाल लागतोय की काय?"

"गप्प बस. नावं चाललीत."

"तुझं येणार नाही," ती म्हणाली. "तिला काय माहीत तू कोण! तू तिच्या आईच्या गुडघ्याला तेल पाठवतेस, आणि माझ्या पाठीला कधी हात लावला नाहीस."

मी त्या दिवशी तिच्या पाठीला तेल चोळून दिलं. नाव आलं नाही ते नाहीच.

हिवाळा संपता संपता एका गुरुवारी पॉडकास्ट आला तो मिनिटभराचाच. रफल म्हणाली, "माझी आई गेली. मंगळवारी. तिच्यासाठी फातिहा म्हणा." बस. नावं नाहीत, काही नाही.

मी खुर्चीवर बसले आणि रडले. सख्खी बहीण गेल्यावर रडते तशी रडले. आणि रडताना माझ्या मनात दुसरंही काही चाललं होतं, ते लपवत नाही. मला वाटलं, फातिहाला, शोकाच्या बैठकीला, तर कुणीही जाऊ शकतं. शोकाच्या घरी तीन दिवस दार उघडं असतं, तू कोण म्हणून उंबऱ्यावर कुणी अडवत नाही. आत जायचं, बसायचं, रडायचं, कडू कॉफी प्यायची. मी तिच्यासमोर बसेन. तिच्या हाताला हात लावेन. ती मावशीला विचारावं तसं विचारेल, खाला, तुम्ही कोण? आणि मी सांगेन.

रफलने घर कुठे ते कधी सांगितलं नव्हतं, पण एक्स्चेंजमध्ये हाडं झिजवलेल्या बाईला तेवढं कळतं. जयूना भागातली बेकरी, तिच्यामागचं चर्च, कोपऱ्यावर आईस्क्रीमवाला, हे सगळं बोलण्यात येऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काळा पायघोळ अबाया घातला, साखरेचा पुडा आणि चहापत्ती घेतली आणि निघाले. बेकरीच्या भिंतीवर काळ्या कापडाचे तीन फलक टांगलेले होते. दोन पुरुषांचे. तिसऱ्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इंजिनीयर गस्सान आणि डॉक्टर लैस यांच्या मातोश्री'. आमच्याकडे फलकावर बाईचं नाव घालत नाहीत, मुलग्यांची घालतात. रफलचा भाऊ गस्सान स्वीडनला असतो, हे मला पाठ होतं. म्हणजे हेच. जिच्यासाठी मी रात्रभर रडले तिचं नाव काय, हे मला फलक वाचूनही कळलं नाही. ज्या लेकीने आईचं सगळं जगाला सांगितलं, तिचंही नाव त्यावर नव्हतं.

घर बायकांनी भरलेलं होतं. भिंतीलगत गाद्या, मध्ये शोकगीतं म्हणणारी मुल्लाया, हातात माइक. मी दाराशी बसणार होते. पण मुल्लायाने आवाज लावला, "आई गेली, आता उंबऱ्यावर कुणाची वाट बघायची," आणि माझा बांध फुटला.

खरं तर त्यात हिक्मतसाठीचंही रडणं होतं. माझा नवरा गेला ते वर्ष असं होतं, की घरातून निघालेला माणूस परत येईल याची खात्री नसायची. कोण येणार फातिहाला? तंबू लागला नाही, मुल्लाया नाही, कॉफी नाही. त्याची सख्खी बहीण नझीमा तेव्हा नदीच्या पलीकडे राहायची, पूल बंद. तीसुद्धा आली नाही. चार शेजाऱ्यांनी उचलून नेलं आणि मी भांडी घासली. ते अडकून राहिलेलं सगळं त्या परक्या घरात बाहेर आलं. मी ऊर बडवला. मी किंचाळलेसुद्धा.

आता फातिहात जी सर्वांत जास्त रडते ती सर्वांत जवळची, असं बायका धरून चालतात. दोघींनी मला काखेत हात घालून उठवलं आणि थेट पुढे, घरच्या बायकांच्या रांगेत नेऊन बसवलं. कुणी पाणी दिलं. शेजारी एक जाडजूड बाई होती, मयताची धाकटी बहीण वफीका. तिने माझा हात हातात घेतला.

"तुम्ही तिच्या कोण, बाई?"

"मैत्रीण," मी म्हणाले.

"शाळेतल्या?"

"नाही. टेलिफोनवरच्या."

"अच्छा, नोकरीतल्या असाल," ती म्हणाली, आणि मी मान हलवली. मुल्लाया चहाला थांबली होती. वफीका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सांगा काही तिच्याबद्दल. आम्ही तर फक्त दुखणंच बघितलं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सबंध आयुष्यात इतक्या माणसांनी कधी माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "काय सांगू बाई, हसवून हसवून मारायची. गेल्याच महिन्यात त्या जनरेटरवाल्याला घरात घेतलं, समोर डोल्म्याचं ताट ठेवलं, आणि तो खातोय तोवर त्याला असा झापला! आणि तो जायला निघाला तर त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेली. मग गुडघ्याला म्हणते कशी, मंत्रीसाहेब, आता तरी राजीनामा द्या!"

मी हसले. एकटीच हसले.

स्वयंपाकघरात कुणी पेला विसळत होतं, तेही थांबलं. वफीकाने माझा हात सोडला.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही कुणाच्या फातिहाला आला आहात? माझी बहीण चार वर्षं बिछान्यावर होती. गेली दोन वर्षं तिच्या तोंडातून शब्द नाही. पोटच्या पोरीला ती ओळखत नव्हती. कसला जनरेटरवाला आणि कसला जिना?"

"घर चुकलं असेल हो म्हातारीचं," समोरून कुणी दबक्या आवाजात म्हणालं. "पलीकडच्या गल्लीतही एक फातिहा आहे."

"मग इतकं रडली कशाला?"

"जेवणाच्या वेळेला येतात अशा."

माझ्या कानशिलांना आग लागली. मी अबाया सावरून उठले. चार वर्षं! मी त्या बाईच्या गुडघ्याला तेल सांगत होते, आणि ती बाई कुशीवरसुद्धा वळू शकत नव्हती. मला कुणाचा राग आला होता ते तेव्हा कळत नव्हतं. इतकंच कळत होतं, की या खोलीतून बाहेर पडायचं आणि पुन्हा कधी कुणाचं काही ऐकायचं नाही.

"बसा ना, खाला."

तो आवाज. मी जागच्या जागी थांबले. स्वयंपाकघराच्या दारात एक किडकिडीत मुलगी उभी होती, हातात ओला पेला, डोळ्यांखाली काळं. आवाजावरून मी कुणी भरल्या अंगाची, गालाला खळ्या पडणारी पोर मनात धरली होती. ही तर वाऱ्याने पडेल अशी होती. ती आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"मग?" ती म्हणाली. "जनरेटरवाल्याने काय केलं मग?"

"तुला माहीत आहे काय केलं," मी म्हणाले.

"तुम्ही सांगा."

"रफल," वफीका म्हणाली, "अगं या बाईचं डोकं—"

"सांगू दे, खाला वफीका. त्या बरोबर घरी आल्यात."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. मी खाली बसले आणि सांगितलं. जनरेटरवाला दुसऱ्या दिवशी आपल्या आईला घेऊन आला ते सांगितलं. कोंबड्यावरच्या दाव्याचं सांगितलं. बायका आधी एकमेकींकडे बघत होत्या. मग कोपऱ्यातली एक म्हातारी फसकन हसली. वफीका म्हणाली, "डोल्मा? माझ्या बहिणीचा? तिचा डोल्मा पातेल्यातच सुटायचा, भात वेगळा आणि पानं वेगळी." दुसरी म्हणाली, "पण झापायची मात्र हो, भाजीवाल्याला तर रडवला होता एकदा." मग त्या आपापसात बोलायला लागल्या, तिच्या लग्नाचं, तिच्या रागाचं, आणि मी त्यांच्या ध्यानातून गेले. तेवढ्यात मी चपला शोधल्या आणि बाहेर पडले.

रफल फाटकापर्यंत मागून आली.

"खाला, थांबा."

"थांबते," मी म्हणाले, "पण आधी ऐकून घे. लाज वाटते का तुला? मी रात्री उठून त्या गुडघ्यासाठी दुवा मागितलीय. खऱ्या अल्लाहकडे, खोट्या गुडघ्यासाठी!"

ती फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. "तुम्ही उम्म गायब," ती म्हणाली. "करादाच्या. तिळाचं तेल."

मी तिच्याजवळ परत आले.

"सगळी पत्रं वाचलीत मी तुमची. बाकीचे म्हणायचे आणखी हसव. तुम्ही एकट्याच विचारायच्या, ती कशी आहे. काय उत्तर देणार होते मी? गुडघा मीच रचलेला. तुमचं नाव घेतलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मला रडू आलं असतं."

"मग करायचं कशाला हे सगळं?"

"डॉक्टर म्हणाले, तिच्याशी बोलत राहा. मी बोलायचे. सकाळपासून बोलायचे. ती छताकडे बघायची. खाला, भिंतीशी बोलून माणूस वेडं होतं हो. म्हणून मी मध्ये फोन ठेवला. तिच्या उशाशी बसूनच सगळे भाग बोललेय मी. ती उठली असती, चालली असती, तर काय केलं असतं तिने, ते सांगत बसायचे. कधी मागे खोकल्याचा आवाज यायचा, ऐकलाय तुम्ही?"

ऐकला होता. कितीतरी वेळा. मला वाटायचं, आई शेजारी बसून हसू दाबतेय.

"आई तेवढीच खरी होती," रफल म्हणाली.

मी तिचा चेहरा हातात धरला. ती म्हणाली, "आता तिच्याबद्दल काही रचता येत नाही. आज सकाळी बसून बघितलं. खरी आई कशी होती ते आठवत नाही, आणि रचलेली होती तीही तिच्याबरोबर गेली. तुम्ही आत सांगत होतात तेव्हा वाटलं, कुणाकडे तरी आहे अजून."

"आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "सगळी आहे. मंत्र्यासकट."

ती हसली, आणि मग विचारलं, "तुमचं नाव काय, खाला? उम्म गायब नाही. नाव."

"सबीहा."

"घरी कोण कोण आहे?"

"कोणी नाही. नवरा होता, हिक्मत. गेला. मूल झालं नाही. एक नणंद येते चहा ढोसायला आणि भांडायला. हेच."

आतून वफीकाने हाक मारली. रफलने माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि ती गेली. मी बेकरीपर्यंत चालत आले. तिथे मला आठवलं, की साखर आणि चहापत्ती माझ्या पिशवीतच राहिली होती.

त्यानंतर गुरुवार यायचे आणि जायचे. फोन गप्प. मी जुने भाग लावून बघितले, पण आता हसू येईना. तो खोकला आला की मी हातातलं काम टाकून द्यायची. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला मला कुणी बोलावलं नाही. का बोलावतील? मी त्यांची कोण? आवाज कानात राहतो म्हणून माणूस घरात राहत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला मला इतकं म्हातारं व्हावं लागलं. नझीमाला मी सगळं सांगितलं होतं. ही चूक केली, कारण ती आता रोज येऊन म्हणायची, "काय, मंत्र्याची काही खबर?"

ऊन तापायला लागलं आणि एका गुरुवारी फोन वाजला. 'इस्तिकानभर गप्पा', नवीन भाग. नझीमा समोरच होती, भेंड्या निवडत.

"लाव लाव," ती म्हणाली. "बघू आता कुणाला जिवंत करतेय."

मी लावला. तोच बसलेला आवाज. "आज मी तुम्हाला एका नव्या माणसाची ओळख करून देणार आहे," रफल म्हणाली. "करादातल्या सबीहा खाला."

मी हातातली सुरी ठेवून उठले.

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी नळ बंद करून उभी राहायची, ते झालं होतं. त्या आवाजाने माझं नाव घेतलं होतं, तेही माझं खरं नाव. नझीमाने भेंडी खाली ठेवली.

"सबीहा खालांच्या घरात," रफल म्हणाली, "कधी शांतता नसते. खालांचा नवरा हिक्मत रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर रेडिओ उघडून बसतो. परवा त्याचा एक स्क्रू भातात पडला, आणि तो नेमका नणंदेच्या ताटात गेला."

"खोटारडी!" नझीमा ओरडली. "बंद कर! मेलेल्या माणसाला टेबलावर बसवते ही! तू सांगितलंस ना तिला, तो गेला म्हणून?"

"सांगितलं."

"मूल नाही हे सांगितलंस?"

"सांगितलं गं."

"मग?"

मला काय माहीत मग काय! ती जी होती, ती सबीहा, हजारो लोक आता जिच्यावर माया करणार, ती मी नव्हते. माझं नाव पोचलं होतं, मी इथे ओट्यापाशीच राहिले होते. मी फोनकडे हात नेला.

"नणंदेने तो स्क्रू दातांनी पकडला," रफल सांगत होती, "आणि हिक्मतला म्हणाली, भावा, तुझ्या घरी जेवायचं तर लोहाराचे दात लावून यायला हवं. आणि हिक्मत असा हसला, असा हसला, की खुर्चीवरून घसरला."

नझीमाने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"हसायचा तो असाच," ती म्हणाली. "घसरायचाच खुर्चीवरून." तिचा आवाज तिचा राहिला नव्हता. "थांब जरा. हात काढ तिथून."

मी हात काढला. रफल पुढे म्हणाली, की सबीहा खालांचा मुलगा दूर नोकरीला असतो. तो नेमका भेंड्या चिरण्याच्या वेळेला फोन करतो. खाला म्हणतात, माझे हात चिकट आहेत, नंतर कर. आणि मग फोन मांडीवर घेऊन बसून राहतात, नंतर होईपर्यंत.

नझीमा माझ्याकडे वाकली. अबायाच्या टोकाने डोळे पुसत, फोनमधल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं, "नाव काय गं त्याचं?"

"सांगेल," मी म्हणाले. "ऐक."